काही पथ्य नाही

दुर्बिणीचं काम शिकताना आधी डाव्या हाताचा अंगठा जातो. रुग्णाच्या घशातून पोटात उतरणाऱ्या त्या लांब नळीचं टोक वळवायला एक चाक असतं आणि ते दिवसभर डाव्या अंगठ्यानंच फिरवावं लागतं. पोट आणि लिव्हरच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला मी पोहोचले तेव्हा सकाळचा चहाचा कपही मला त्या हातानं धरवत नव्हता. सर म्हणाले, सगळ्यांचं होतं, सवय होते. सवय झाली नाही, मी कप उजव्या हातात धरायला लागले.

आमच्या गावी, कळसमध्ये, मी अजून शिकतेय हे कुणाला पटत नव्हतं. आधी एमबीबीएस, मग एमडी, आणि आता पुण्यात पुन्हा तीन वर्षं. माझ्या वयाच्या मैत्रिणींची पोरं दहावीला बसायला आलेली. थोरले चुलते, ज्यांना मी तात्या म्हणते, फोन केला की हटकून विचारायचे, "सुटली का न्हाय गं शाळा?" वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे मला वाढवलं ते तात्यांनी आणि काकीनं. बारामतीच्या कॉलेजात पहिल्या दिवशी मला मोटारसायकलवर सोडायला तात्याच आले होते आणि संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर थांबले होते. म्हणून त्यांची थट्टा मी ऐकून घेते.

शाळा सुटत नव्हती हे खरंच होतं. वॉर्डात पोटात पाणी झालेली माणसं रांगेनं झोपलेली असत. त्यांचं पाणी काढायचं, रक्ताच्या उलट्या झालेल्यांच्या अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कड्या बसवायच्या, नातेवाइकांना तेच ते समजावून सांगायचं आणि सर राउंडला आले की प्रत्येकाचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवायचे. एक अवयव इतका वेळ खाईल असं मला शिकायला लागण्याआधी वाटलं नव्हतं. त्या काळात मला कशाचंच फार वाईट वाटेनासं झालं होतं. त्याला पुस्तकात काहीतरी नाव असेल, मी शोधलं नाही.

महिन्यातून एका रविवारी सर बारामतीला ओपीडी करायला जात आणि मला बरोबर नेत. सर मूळचे दक्षिणेकडचे, त्यांचं मराठी कामापुरतं. पेशंट "पोटात कालवतंय" किंवा "जळजळतंय" म्हणाला की ते माझ्याकडे बघत. पाटसवरून गाडी आत वळली आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला की मला झोप येई, कारण तिथून पुढं घरी जातोय असं वाटायचं. जायचे मात्र दवाखान्यात, आणि संध्याकाळी परत पुण्याला.

अशाच एका रविवारी काकी तात्यांना घेऊन आली. मी त्यांना चार महिन्यांनी बघत होते. कानशिलं आत गेलेली, दंडाचं मांस उतरलेलं, डोळे पिवळसर. एवढं बघून पुढच्या तपासण्या काय सांगणार हे मला दारातच कळलं, आणि आपल्याला ते इतक्या लवकर कळतं याचा मला रागही आला. तात्यांना साखरेचा आजार जुना, लिव्हरवर चरबी बसून बसून ते आता कडक झालं होतं. तात्यांना तेवढं सांगून भागेना.

"लिव्हर गेलं म्हटल्यावर लोकं काय म्हणत्याल?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "जन्मात थेंबाला शिवलो न्हाय मी."

सरांनी विचारलं, हे जेवतात काय. काकीनं अभिमानानं सांगितलं. डोळे पिवळे दिसले त्या दिवसापासून तिनं घरात कडक पथ्य धरलं होतं. भाताची पेज, उकडलेली भाजी आणि रानातल्या उसाचा ताजा रस, कारण कावीळ रसानं उतरते. तेल बंद, डाळ बंद, दूध बंद, हळद तर डब्यासकट वर टाकलेली.

"हळद कशी घालू?" ती म्हणाली. "आधीच माणूस पिवळा झालाय."

साखरेच्या माणसाला उसाचा रस, आणि झिजत चाललेल्या माणसाला पेज. माझ्या काकीनं नवऱ्याला मायेनं उपाशी ठेवलं होतं. कडक झालेल्या लिव्हरच्या माणसाला उपास सोसत नाही, अंगावरचं मांस टिकलं तरच तो पुढच्या दुखण्यातून उठतो, हे आम्ही रोज शिकतो. सरांनी कपाळाला हात लावला आणि आपल्या कामापुरत्या मराठीत स्वच्छ सांगितलं, "रस बंद. बाकी काही पथ्य नाही. सगळं खायचं. त्यांना हवं ते खाऊ द्या."

मी शेजारीच उभी होते. मला ती आनंदाची बातमी वाटली. काकीनं फक्त पदर खांद्यावरून पुढं घेतला. बाहेर अजून बरेच पेशंट बसले होते, आणि तात्यांना निरोप द्यायलाही मी दारापर्यंत गेले नाही.

पुढच्या महिन्यात तात्या ओपीडीला आलेच नाहीत. फोन लावला तर काकी म्हणाली, "हायेत, बरं हायेत," आणि लगेच ठेवला. सरांना विचारून मी दुपारीच कळसला निघाले.

अंगणात चपलाच चपला. सुप्याहून काकीचे दोन्ही भाऊ आलेले, जळोचीची आत्या बासुंदीचा डबा घेऊन बसलेली. सगळे हळू आवाजात बोलत होते. आत तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशाशी ताट झाकलेलं होतं, मी झाकण काढून बघितलं. पुरणपोळी, तूप, कुरडई. कशालाच हात लागला नव्हता.

काकी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिथं तिचा बांध फुटला.

"मला उलगडून सांगायचंस तरी," ती म्हणाली. "तुझ्या सरांनी सांगितलं तवाच मी समजले. तुझ्या आज्याला बी डॉक्टर असंच म्हणालं हुतं. पथ्य न्हाय, काय हवं ते खाऊ घाला. आठवडा न्हाय काढला त्यांनी."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. आमच्याकडं डॉक्टरांनी हात टेकले की ते असंच सांगतात, हे मला का माहीत नव्हतं? लहानपणापासून माहीत होतं. शेजारच्या म्हातारीला रोज श्रीखंड मिळायला लागलं तेव्हा आम्ही पोरांनीसुद्धा ओळखलं होतं. पण सरांच्या तोंडून ते वाक्य आलं तेव्हा मी पुण्याच्या कानांनी ऐकलं होतं.

आणि तात्या काही बावळट नव्हते. महिनाभर आवडीचे पदार्थ ताटात यायला लागले, वर्षानुवर्षं न फिरकलेले पाहुणे चौकशीला यायला लागले, तेव्हा त्यांनीही काय ते ओळखलं. पेज तरी ते गुमान प्यायचे, पुरणपोळी त्यांच्या घशाखाली उतरेना.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी मान वळवली.

"आलीस का," ते म्हणाले. "बरं झालं. दोघा मेव्हण्यांस्नी बलवून घेतलंय, वरच्या रानाचं काय ते बोलून टाकतो."

मी सरळ त्यांना तपासायला लागले. पापणी ओढून डोळे बघितले, पोट चाचपलं. पिवळेपणा वाढलेला नव्हता. पोटात पाणी असलं तर अगदी थोडं. पायाच्या नडगीवर बोट दाबलं तर मात्र खळगा पडला आणि तसाच राहिला. माणूस आजारानं खचला होता त्याहून जास्त उपासानं खचला होता. आणि मग मला राग आला. काकीचा, सरांचा, आत्याच्या बासुंदीचा, माझ्या दुखऱ्या अंगठ्याचा, सगळा एकदमच आला.

"कोण म्हणालं पथ्य नाही?" मी म्हणाले, बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "पायाला सूज आहे ही. मीठ बंद. लोणचं बंद, पापड बंद, कुरडई बंद. ती बासुंदी आधी उचला इथून, साखर किती आहे त्यांना. रोज डाळ, उसळ, दूध, दही. तीन वेळा जेवण, आणि झोपताना पुन्हा दूध-भाकरी, भूक असो नसो. एक दिवस चुकलेला मला चालणार नाही."

तात्या माझ्याकडं टक लावून बघत होते.

"ठेचा?" त्यांनी विचारलं.

"ठेचा अजिबात नाही."

"बिनमिठाचा बी न्हाय?"

"बिनमिठाचा ठेचा खाणार आहात का तुम्ही?"

"ह्यॅ," ते म्हणाले, "त्याला काय चव." आणि कोपरावर जोर देऊन उठून बसले. काकीनं घाईघाईनं मटकीची उसळ केली, अळणी, हळद घालून. भाकरी त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली. पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, पण अर्धी भाकरी संपवली. आत्या डबा उचलून बाहेर गेली आणि अंगणातल्यांचे आवाज हळूहळू मोठे होत गेले, कारखान्याला ऊस कधी जाणार यावर येऊन ठेपले. पाहुणे संध्याकाळच्या आत पांगले.

मी त्याच रात्री पुण्याला परतले. सोमवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले की ही गोष्ट त्यांना कुणी शिकवली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला काहीतरी बंद करते. बंद करण्यासारखं बहुधा सापडतंच.

तात्यांच्या दंडावर आता थोडं मांस आलंय. ते शेतात चक्कर मारतात, बारामतीच्या ओपीडीत माझ्या खुर्चीशेजारी बसून बाकीच्या पेशंटना मिठावर व्याख्यान देतात. कडक झालेलं लिव्हर मात्र मऊ होत नाही. अजून साधारण किती, याचा अंदाज बांधायला मला शिकवलंय, आणि घरच्या माणसाच्या बाबतीत तो अंदाज विसरता येत नाही. इतकं शिकून हेच हाती लागलं, असं दमलेल्या दिवशी वाटतं, आणि दमलेले दिवसच जास्त असतात.

परवा दुपारी वॉर्डात असताना त्यांचा फोन आला. नेहमीची तक्रार, काकीची आमटी म्हणजे नुसतं गरम पाणी.

"आणिक किती दिस चालायचं हे अळणी?" त्यांनी विचारलं.

"आता कायमचंच, तात्या."

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

"कायमचं म्हंजी लई दिस की गं," ते म्हणाले. आवाज खूश होता.

"व्हय," मी म्हणाले. "लई दिस. चोरून लोणचं खाऊ नका."