दहा मिनिटं तोंड बंद

“एक नशा सोडवून दुसरी लावून देली तुम्ही पोराले, वयनी! रोज सकाळी येऊन गोळी खाते. याले काय सुधरनं म्हनतेत?”

“शुगरवाला जिंदगीभर गोळी खाते, भाऊजी. त्याले तुम्ही नशेडी म्हनता का?”

“शुगर अन् हे एक आहे का?”

“मले एकच आहे. दोन्हीत पोरगं जिवंत राहते!”

हे माझे धाकटे दीर, वासुदेव भाऊजी. तुमसरला किराणा दुकान, भजनी मंडळाचे अध्यक्ष, आणि कोणी नेमलं नसताना आमच्या घराण्याचे न्यायाधीश. भांडण चाललं होतं भंडाऱ्याला, नशा सोडवायच्या ओपीडीत. ज्याच्यावरून चाललं होतं तो माझा निलकंठ समोरच बसला होता, तोंड मिटून.

तिथली रीतच तशी आहे. सिस्टर गोळीचा चुरा करून जिभेखाली ठेवते. तो विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. मग ‘आ’ करून तोंड दाखवायचं आणि घरी जायचं. भाऊजींनी भांडायला नेमकी हीच दहा मिनिटं धरली! ज्याचा जीव, त्यालाच बोलता येईना.

निलकंठ राइस मिलमध्ये पोती उचलायचा. कंबर धरली, सोबतच्या हमालानं कॅप्सूल दिली. कॅप्सूलवरून सुईवर गेला. दोन वर्षं तो माझ्या घरात होता आणि नव्हता. आता आठ महिने झाले, या गोळीवर आहे, पुन्हा मिलमध्ये जातो. भाऊजींना गोळी बंद करायची होती. मला पोरगा हवा होता. एवढंच भांडण.

भिंतीलगत एक लांब बाक आहे, त्यावर आम्ही घरची माणसं बसतो. राइस मिलच्या मागे कोंडा साचतो ना, तसे या बाकावर किस्से साचतात. उचलून न्यायला कोणी येत नाही. म्हणून चार मीच सांगते.

*

पहिल्या दिवशी तिथल्या तरण्या डॉक्टरनं माझ्यापुढे शाईचा पॅड सरकवला. “आजी, इथे अंगठा.”

मी शाळा पाहिली नाही. पण हातमागावर विणायला बसल्याबसल्या, रद्दीतले पेपर वाचत अक्षर शिकले आहे. मी संमतीचा कागद उचलला, वरपासून वाचत आले आणि त्यानं पेनानं खरडलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हे काय लिहिलं, डॉक्टर?”

डॉक्टर वाकून बघत राहिला. त्यालाही लागेना!

“मले छापलेलं सगळं वाचता येते. तुमचं तुम्ही वाचा!” म्हटलं, आणि खाली सही ठोकली.

*

लाखांदूरकडचा एक ट्रकड्रायव्हर येतो. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. सिस्टर रोज ओरडते, “आधी थुंकून या, चूळ भरा, मग गोळी!”

हा रोज थुंकतो, आणि बाहेर पडला की नवीन पुडी सोडतो. एक दिवस सिस्टरचा पारा चढला. “लाज नाही वाटत? सुई सोडली, दारू सोडली, हा खर्रा सोडता येत नाही?”

तो हात जोडून म्हणाला, “सिस्टर, घरी गेल्यावर बायकोले भांडाले काहीतरी ठेवा ना!”

*

एक रिटायर गुरुजी आहेत. खोकल्याच्या बाटलीपासून सुरू झालं आणि बाटलीतच बुडाले. गावात सांगतात, गुडघा दाखवायला जातो. इथे पेपर पसरून त्याच्यामागे बसतात.

एकदा गोळीच्या लाइनीतून आवाज आला, “गुरुजी, हजेरी घ्या ना!” त्यांचाच जुना विद्यार्थी, आता ऑटो चालवतो.

मला वाटलं, हा माणूस आता उठून जातो आणि पुन्हा येत नाही. गुरुजींनी पेपरची घडी केली. उभे राहिले. आठवतील तशी नावं घेत गेले. आणि खरंच, तीन जण ‘हजर’ निघाले!

गुरुजींनी चष्मा पुसला. “शाळेत कधी येवढ्या वेळेवर आले नाही रे, गाढवांनो.”

*

हा किस्सा हसायचा नाही. एक दिवस एक माणूस आला. डोक्याचं ताजं मुंडण, अंगावर ओलं धोतर, पायाला चिखल. रोजचाच होता, पण मुंडणामुळे ओळखू आला नाही. बाप गेला होता. सरणाला अग्नी देऊन, नदीत बुडी मारून तसाच मोटरसायकलवर आला होता.

सिस्टर म्हणाली, “अहो, आज तरी घरी थांबायचं.”

गोळी जिभेखाली होती. दहा मिनिटं त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्यानं तोंड उघडलं नाही. मग ‘आ’ करून दाखवलं आणि म्हणाला, “बुढ्यानंच सांगून ठेवलं होतं. मले जाळाले उशीर झाला तं चालन, गोळी नोको चुकवू.”

*

तर, भाऊजी काही थांबेनात.

“या पुनवेले निलूले मी देवळात नेतो. देवावर हात ठेवून शपथ घेतली की गोळी बी बंद अन् सुई बी बंद!”

“अशी एकदम बंद नाही करत,” मी म्हटलं. “डॉक्टर सांगते, गोळी सुटली की अंगाची सवय जाते. मग एखाद्या दिवशी मन घसरलं अन् पहिल्यायेवढीच सुई घेतली, तं अंगाले झेपत नाही. मानूस झोपला तं उठतच नाही.”

“ते कच्च्या मनाचे! माह्यासमोर आठ पोरायनं शपथ घेतली आहे, वयनी. आठ! एकजन पुन्हा या दवाखान्याची पायरी चढला नाही.”

निलकंठनं माझा पदर मुठीत धरला होता. तोंड मिटलेलंच. घड्याळात अजून चार मिनिटं बाकी होती.

बाकाच्या टोकाला सुमन बसली होती. करडी गावची. नवरा तलावात मासे धरतो, ही विकते. आत गोळी घ्यायला तिचं आता कोणी येत नाही. तरी दर मंगळवारी टोपली रिकामी झाली की इथे येऊन बसते, आणि सिस्टर तिला उठवत नाही. ती आजवर कोणाच्या भांडणात एक शब्द बोलली नव्हती.

तिनं मांडीवरची टोपली खाली ठेवली आणि भाऊजींकडे तोंड केलं.

“करडीचा गणेश माहा होता, भाऊ. तुमच्यासमोर शपथ घेतली अन् बाविसाव्या दिवशी गेला. आजपासून सात सांगत जा.”