पिंजऱ्यातला डोंगल

भाऊ तिला ताई म्हणे, भावजय वन्सं म्हणे, बाकी सगळ्यांची ती टायपिस्टबाई. एकोणतीस वर्षं एका वकिलाच्या कचेरीत तिनं साक्षीदारांच्या जबान्या टाईप केल्या. कचेरी बंद झाली तेव्हा आपला कॉम्प्युटर तिनं मागून घेतला. तिथे चोरीच्या धास्तीनं प्रत्येक मशीनचा डबा भोकाभोकांच्या लोखंडी पिंजऱ्यात कुलूप लावून ठेवत. तो पिंजराही घरी आला.

"वन्सं, उडून जाणार आहे का तो?" भावजयीनं विचारलं.

"मशीन पिंजऱ्यातच असतं," टायपिस्टबाई म्हणाली. विषय संपला.

आता एक कंपनी रेकॉर्डिंग ऐकून टाईप करायचं काम घरबसल्या देत होती. त्याआधी चाळीस मिनिटांची परीक्षा. मध्ये इंटरनेट तुटलं की नापास, आणि संधी दोनच. काम मिळालं नाही तर तिची मागची खोली भाचीला अभ्यासाला द्यायची आणि ताईनं हॉलमध्ये झोपायचं, असं भावानं ठरवून टाकलं होतं.

वायफाय पुढच्या खोलीत. म्हणून बाईनं वायफाय पकडणारा, यूएसबीत खोचायचा डोंगल आणला. नखाएवढा.

"एवढुसा? हा तर केराबरोबर जाईल," भावजय म्हणाली.

ते बाईला पटलं. तिनं डोंगल मशीनच्या पाठीमागे खोचला आणि पिंजऱ्याला कुलूप घातलं. पहिली परीक्षा बाराव्या मिनिटाला तुटली.

डोंगल विकणाऱ्या दुकानदारानं हात झटकले. "वस्तू चांगली आहे, बाई. तुमच्या मशीनचंच वय झालंय."

"वय माझंही झालंय. मी अडखळते का?"

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी अर्धा तास हातात होता. महत्त्वाचं काम हाती घेण्याआधी मशीन पुसायचं, ही तिची जुनी सवय. तिनं कुलूप काढलं, चालू मशीन हलकेच बाहेर ओढलं, फडकं फिरवलं आणि सहज पडद्याकडे पाहिलं. रेंजची एक रेघ असायची, तिथे चार होत्या.

मशीन आत ढकललं. एक. बाहेर ओढलं. चार.

"अगं, इकडे ये! धावत ये!"

"काय झालं? शॉक बसला?" भावजय ओले हात घेऊन आली.

"हात पूस आणि हे आत ढकल. पडद्याकडे बघ. आता ओढ बाहेर."

भावजयीनं दोनदा करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, लोखंडात कोंडल्यावर त्याला ऐकू कसं येणार? वन्सं, तुम्हीच त्याला कैदेत टाकलंत!"

"मीच," टायपिस्टबाई म्हणाली. लाजायला वेळ नव्हता. मशीन तसंच उघडं जमिनीवर ठेवून तिनं कानाला हेडफोन लावले.

दाराबाहेर भावजय पहाऱ्याला बसली. भाऊ मोठ्यानं खोकला, तर "गिळा तो खोकला" म्हणाली. आत बोटं पावसासारखी पडत होती. बारावं मिनिट आलं आणि गेलं. तेहेतिसाव्या मिनिटाला रेकॉर्डिंगमधला माणूस रडत रडत बोलू लागला. रडणाऱ्या साक्षीदारांचं तिनं आयुष्यभर टाईप केलं होतं. एक शब्द सुटला नाही.

पडद्यावर अक्षरं आली : निवड झाली. पहिलं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे.

भावानं दारातून डोकं घातलं. "ताई, अभिनंदन गं. मग या खोलीचं..."

"खोलीत काम चालू आहे," टायपिस्टबाई मान न वळवता म्हणाली.

"ऐकलंत ना?" भावजयीनं नवऱ्याला दंडाला धरून मागे ओढलं. "अभ्यासाचं टेबल हॉलमध्ये मावतं. या इकडे, उचलू लागा."