यूट्रिस मोडेस्ट हयात आहे

चौतीस वर्षं लंडनच्या एका इस्पितळात चादरी धुऊन गर्ली मावशी ग्रेनाडा बेटावर, आपल्या गुयाव गावी परतली ती म्हातारपण सुखात काढायला. सुख कसलं डोंबलाचं! लंडनचं पेन्शन ती निघाली त्या दिवशीच्या आकड्यावर गोठलं, आणि यंदा तर बंदच पडलं.

कारण लंडनने पहिल्यांदाच मागवलेला हयातीचा दाखला तिने भरून पाठवला नाही. पाठवणार कुठून? फॉर्म आला त्या पाकिटावर नाव यूट्रिस मोडेस्ट, आणि ही बाई गावात कुणाला ठाऊक! आमच्याकडे माणूस जन्मभर घरच्या नावानेच वावरतो. खरं नाव कळतं ते रेडिओवर मयताची बातमी लागते तेव्हा. पोस्टातल्या व्हर्नेलने, म्हणजे मावशीच्या सख्ख्या भाचीने, 'अशी कोणी नाही' असा शेरा मारून पाकीट परत धाडलं होतं.

"अगं भवाने, मग मी कोण?"

"तू? तू गर्ली मावशी!"

फोनवर भांडून भांडून दुसरा फॉर्म आला. त्यावर 'या बाईंना मी ओळखतो' अशी प्रतिष्ठित माणसाची सही हवी, आणि ती आठ दिवसांत गेली नाही तर पेन्शन कायमचं बंद. पाद्री गावाला गेलेले. उरले शेजारचे निवृत्त हेडमास्तर ऑस्बर्ट.

"गर्ली, वीस वर्षं तुला ओळखतो. पण या यूट्रिसबाईंना ओळखतो, असं खोटं कसं लिहू?"

"अहो मास्तर, तीच मी!"

"असशीलही. पण मला कुठे ठाऊक होतं?"

मावशी तणतणत तडक रेडिओच्या कचेरीत गेली.

"मयत कधी झालं?" खिडकीतल्या पोरीने विचारलं.

"झालं नाही, तोच तर घोळ आहे. लिही, यूट्रिस मोडेस्ट, म्हणजेच गुयावची गर्ली, हयात आहे."

संध्याकाळी मयताच्या बातम्यांचं ते रडवं संगीत वाजलं, नाव वाचलं गेलं, आणि पुढचं ऐकायला थांबतो कोण! अर्ध्या तासात अंगणात बायका गळा काढत हजर. कुणी कॉफी आणली, कुणी पाव. दोन महिने ती उकडलेल्या नीरफणसावर दिवस काढत होती, तेव्हा यातली एक फिरकली नव्हती. मावशीच्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात काखेत रमची बाटली घेऊन मास्तर आले. मान खाली, टोपी हातात.

"बिचारी यूट्रिस! फार भली बाई होती हो."

मावशीने दार उघडलं आणि फॉर्म त्यांच्या नाकासमोर धरला.

"आली ना आता ओळख? मग करा सही. आणि ती बाटली ठेवून जा."