घरी पाहुणे आहेत

आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीला वाटतं की मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. सुट्टीला सांगलीला आले की कुणाचा प्रिंटर अडलेला असतो, कुणाच्या नातवाला कुठला कोर्स घ्यावा ते सांगायचं असतं. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे ना ती, मग विचारा तिला! मी विचारतील ते सांगते. पण खरं सांगायचं तर कॉलेजात असताना मला फक्त टाइप करता येत होतं. विचार कसा करायचा हे मला जिनं शिकवलं, ती कवठे महांकाळला लोकांचे फॉर्म भरत बसते, आणि ती तिथं बसली यात माझा हात आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

बीसीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीला, लॅबमध्ये मशीन वीस होती, चालायची त्यातली चौदा-पंधरा. त्यामुळं एका मशीनवर दोघी. रोल नंबरनं जोड्या लागल्या आणि माझ्या शेजारी ती आली. सरकारी वसतिगृहात राहायची. वडील नव्हते, आई गावात आशा वर्कर, धाकटा भाऊ शाळेत. त्याआधी तिनं कीबोर्डला बोट लावलेलं नव्हतं. मला बारावीनंतर घरात लॅपटॉप आलेला, त्यामुळं मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी कीबोर्ड माझ्याकडं ओढला, तो तीन वर्षं माझ्याकडंच राहिला. त्यात दुष्टपणा नव्हता हो, घाई होती. तास संपायच्या आत आउटपुट दाखवून जर्नलवर सही घ्यायची असायची, आणि ती एक अक्षर शोधेपर्यंत माझी चिडचिड व्हायची.

 ती वही उघडून शेजारी बसायची.

डेटा स्ट्रक्चरच्या मॅडम जीव तोडून सांगायच्या, आधी ड्राय रन करा. म्हणजे मशीनला हात न लावता कागदावर रकाने आखायचे आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ आपणच चालवून बघायची, कुठल्या ओळीला कशाची किंमत किती झाली ते लिहीत जायचं. आम्ही पोरी माना डोलवायचो आणि करायचो काहीच नाही. मशीन आहे की करायला! ही मात्र पट्टी घेऊन रकाने आखायची. वसतिगृहावर कॉम्प्युटर नव्हताच, त्यामुळं रोजचा प्रोग्रॅम ती वहीतच चालवून आणायची. लॅबमध्ये मी टाइप करत असताना मधेच हळूच म्हणायची, "हितं चुकतंय बघ, शेवटच्या खेपेला एक जास्त फिरतंय." मी ऐकायचे नाही. चालवून बघायचे. चुकलेलंच असायचं.

पॉइंटर आणि लिंक्ड लिस्टनं तर माझा जीव नकोसा केला होता. अॅरे कळला होता, हे काय ते डोक्यात शिरेना. तिनं कँटीनमध्ये सांगितलं, "आगं, अॅरे म्हंजी पंगत. सगळे एका ओळीत, तिसरा कुठला ते मोजून सांगता येतं. हे लोक गावभर इस्कटून बसल्यात, पर परत्येकाला आपल्या म्होरचा कुठं बसलाय तेवढं ठावं हाय. मधला एक हरवला की म्होरचे सगळे हरवले." झालं! महिनाभर जे कळत नव्हतं ते चहा संपायच्या आत कळलं. मी तिच्या 'हितं' आणि 'म्होरं' वरून तिची चेष्टा करायचे, तिला 'इथं' म्हणायला लावायचे. ती हसून दोनदा म्हणायची आणि परत 'हितं'.

परीक्षेत तिचं कधी अडलं नाही. आमच्याकडं आधी प्रोग्रॅम उत्तरपत्रिकेवर लिहून तपासून घ्यायचा, मग मशीनवर बसायचं. तिचा कागद बघूनच बाहेरचे परीक्षक खूश. मग ती दोन बोटांनी टकटक करत बसायची आणि लॅबचे दादा म्हणायचे, "चालू दे ताई, चालू दे, गडबड नाही." त्यामुळं तिचा हात कीबोर्डवर बसलेला नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आलं होतं. लक्षात यायला काय, रोज बघत होते.

शेवटच्या वर्षाला साताऱ्याच्या एका कॉलेजात चार-पाच कॉलेजांचा मिळून कॅम्पस इंटरव्ह्यू ठरला. पुण्याची कंपनी. पहिली ऑनलाइन टेस्ट, एक तास, दोन प्रोग्रॅम, त्यांच्याच एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या खिडकीत, टाइप करायचे. आमच्यासारख्यांच्या कॉलेजात कंपन्या काही रांग लावत नव्हत्या, वर्षभरात ही एकच आलेली. तिच्या घरी सरळ हिशोब ठरलेला होता. झालं तर ती पुण्याला. नाही झालं तर तिनं गावी परत यायचं, कारण भावाची बारावी झालेली आणि आता बाहेर शिकायची पाळी त्याची. "एकच चान्स हाय बघ मला," ती म्हणाली होती. रडगाणं नव्हतं ते, एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

टेस्ट मंगळवारी होती. शनिवारी लॅबमधून बाहेर पडताना ती माझ्याजवळ आली. तीन वर्षांत तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. म्हणाली, "उद्या तुझ्याकडं येऊ का गं? दोनच तास. त्या नव्या एडिटरवर जरा हात बसवते. लॅबमधल्या त्या जुन्या निळ्या पडद्यावर कळंना काय."

मी म्हणाले, "उद्या घरी पाहुणे आहेत गं."

"बरं, ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली.

पाहुणे कसले आणि काय! ती बौद्ध होती. आता असं वाचून कुणी म्हणेल, या काळात? सांगलीत? शिकलेल्या घरात? हो, शिकलेल्याच घरात. आमच्याकडं तिला कुणी घालवून दिलं नसतं. चहा मिळाला असता, पोहे मिळाले असते. पण नवीन माणसाला आईचा पहिला प्रश्न आडनावाचा असतो, आणि काही आडनावं ऐकली की आईचा चेहरा क्षणभर कसा होतो ते मी लहानपणापासून बघत आले होते. तो चेहरा तिनं बघू नये म्हणून मी खोटं बोलले, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. काय पण समजूत! मला आईशी भांडायचं नव्हतं, एवढंच खरं. मी भांडणात कुणाला हार जाणारी नाही, रिक्षावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत कुणालाही विचारा. आणि जिथं भांडायला पाहिजे होतं तिथं माझी जीभ टाळूला चिकटली.

रविवारी दिवसभर मी एकटीनं प्रॅक्टिस केली. एक प्रश्न काही केल्या सुटेना, लिंक्ड लिस्ट उलटी करायचा. सोमवारी कॉलेजच्या जिन्यात तिला गाठलं आणि म्हटलं, हे सांग ना गं. ती खाली पायरीवर बसली, वही काढली, तीन रकाने आखले. आधीचा, आत्ताचा, म्होरचा. "बोट, म्हंजी पॉइंटर, फिरवायच्या आधी म्होरचा कोण ते लिवून ठेव, न्हाईतर तो हातचा जाईल," म्हणाली. पाच मिनिटांत माझं काम झालं. तिनं पाहुण्यांचं काही विचारलं नाही.

मंगळवारी पहाटेची एसटी धरून कराडवरून साताऱ्याला गेलो. मोठ्या लॅबमध्ये बसवलं. पहिला प्रश्न उघडला आणि मला हसूच आलं, लिंक्ड लिस्ट उलटी करा! दहा मिनिटांत टाइप करून मोकळी झाले. दुसरा मला आला नाही. खूप डोकं लावलं, नाहीच आला. दोन रांगा पुढं तिची पाठ दिसत होती, कीबोर्डवर पार वाकलेली.

त्या एडिटरमध्ये महिरपी कंस उघडला की मिटणारा कंस आपोआप येतो. घरी लॅपटॉपवर तसलाच एडिटर होता म्हणून मला ते ठाऊक होतं. तिनं लॅबमध्ये असलं काही पाहिलेलं नव्हतं. तिनं आपला कंस स्वतः मिटला, म्हणजे तिथं दोन झाले. एरर आली. तिला वाटलं, आपलाच विचार चुकला. बाईनं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लिहिलं. पुन्हा तेच. तीनदा लिहिलं म्हणे तिनं. तास संपला तशी स्क्रीन आपोआप बंद झाली.

दुपारी यादी लागली. एका प्रश्नावर माझा नंबर लागला, पुढचा इंटरव्ह्यूही त्याच दिवशी झाला आणि मला घेतलं. ती बाहेर पायऱ्यांवर माझी वाट बघत थांबली होती. परतीच्या एसटीत तिनं हॉल तिकिटाच्या मागं मला न आलेला दुसरा प्रोग्रॅम लिहून दाखवला. हलत्या गाडीत अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, पण प्रोग्रॅम बरोबर होता, पूर्ण बरोबर. कंस आपोआप मिटतो हे मी सांगितलं तेव्हा म्हणाली, "येत हुतं गं मला. कंसाचं तेवढं ठावं नव्हतं."

एका वाक्याचं काम होतं. शनिवारी नाही तर सोमवारी, जिन्यात, अगदी मंगळवारी एसटीतसुद्धा सांगता आलं असतं. मला सुचलंच नाही, कारण तिला काय माहीत नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी हुंदके देऊन रडायला लागले. तर ती माझीच पाठ थोपटते! "रडतीस कशाला? तुझं झालंय की."

मग ती गावी गेली. भाऊ शिकायला बाहेर पडला. तहसील कचेरीशेजारच्या ऑनलाइन सेवा केंद्रात तिला काम मिळालं, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पीक विम्याचे अर्ज. सुरुवातीला फोन व्हायचे, मग सणासुदीचे मेसेज, मग तेही थांबले. माझ्या लग्नाला तिला मोबाइलवर पत्रिका पाठवली. तिनं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, आली नाही.

गेल्या मे महिन्यात मात्र मला राहवेना. ऑफिसात नव्या पोरांना शिकवायला मला उभं केलं होतं, आणि एकाला लिंक्ड लिस्ट समजावताना माझ्या तोंडून पंगत निघाली. सगळे म्हणाले, काय छान सांगता मॅडम! मला तिथं उभं राहवेना. सुट्टी टाकली, सांगलीहून एसटीनं कवठे महांकाळला गेले आणि केंद्र शोधून काढलं.

ती मला बघून उठली, मिठी मारली, चहा सांगितला. रांग होती म्हणून काम करत करतच बोलत होती. दोन्ही हातांनी, खाली न बघता, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, इतकं भराभर की आमच्या ऑफिसात कुणाला जमणार नाही.  चहा निवून गेला. शेवटी एकदम बोलले, "त्या रविवारी आमच्याकडं पाहुणे नव्हते."

तिचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"मी आलते की. पत्ता तुझ्या जर्नलवर बघितला हुता. म्हटलं, पाहुणे जेवून गेले असतील, तास-अर्धा तास बसू दील. तू व्हरांड्यात एकटीच लॅपटॉप घिऊन बसली हुतीस, आई शेजारी तांदूळ निवडत हुत्या. फाटकापासनंच माघारी फिरले."

 डोळे भरून आले, ते कुणी बघू नये म्हणून मी खाली मान घातली. मग विचारलं, "अगं, मग सोमवारी मला समजावलंस कशाला? सरळ दोन शिव्या द्यायच्या होत्यास."

तिनं तेवढ्यापुरतं माझ्याकडं बघितलं.

"तू इचारलंस की," ती म्हणाली, आणि रांगेतल्या पुढच्या बाईकडं आधार कार्ड मागितलं.