आबांच्या खोलीतली दुरडी

वैनगंगेकडचं गाव सोडून मी लोणी देवकरच्या कंपनीत लागलो, तेव्हा आठवीत शाळा सुटलेल्या, ओळखपाळख नसलेल्या पोराला कुणी खोली देईना. आबांनी दिली. घरात ते आणि त्यांची सून. तिला मी काकू म्हणतो.

थंडीत आबांना दम लागला. बारामतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं, काकू सोबत राहणार होत्या. गाडीत बसता बसता त्यांनी फडक्यात बांधलेलं घरचं वांग्याचं बी माझ्या हातात दिलं. "मी येईस्तवर रोपं करून ठेव. मरू दिऊ नगंस."

ते शेवटचं बोलणं माझ्या मागंच लागलं. बी कुजलं तर आबांचं काय होईल, असलं काहीबाही मनात यायचं.

घरात ऊब एकाच जागी होती, आबांच्या खोलीत, चुलीमागच्या भिंतीला. त्यांची खाट सरकवून मी ट्रेत माती भरून बी पेरलं आणि तो तिथंच ठेवला. मुंग्या बी ओढतात म्हणून वरून राख चाळली. ती वाहून जाऊ नये म्हणून पाणी वरून घालत नव्हतो. ट्रे ताटात ठेवायचा, ताटात ओतायचं, माती खालच्या भोकांतून पिते. सकाळी ताट कोरडं असायचं आणि राख तशीच गुळगुळीत. कुणीतरी येऊन पाणी पिऊन गेल्यासारखं. उंदरांच्या भीतीनं वर दुरडी पालथी घातली, गारठा वाढला तसा शेजारी दिवा लावला.

एका दुपारी काकू आबांचे कपडे न्यायला एसटीनं आल्या. खोलीच्या दारात त्यांच्या हातातली पिशवी गळाली. उंबऱ्यावरच बसल्या.

"कधी गेलं?"

मला काही कळेना.

"सकाळी चा पाजून आले की रं मी! मी वाटंत असतानाच फोन आला व्हय? दिवा कुणी लावला?"

इकडं माणूस गेलं की त्याच्या जागेवर दिवा लावतात, पीठ नाहीतर राख पसरतात, वर टोपली झाकतात. नंतर उचलून बघतात, कशाचं पाऊल उमटलंय. तो पुढचा जन्म. आमच्याकडं ही रीत नाही. मला ती काकूंच्या रडण्यातून कळली.

"नाही जी काकू, वांग्याचं बी आहे ते!"

दवाखान्यात फोन लावला. आबाच बोलले. "हितं चात साखरच घालत न्हाईत!"

काकूंनी डोळे पुसले, पण उठल्या नाहीत. दुरडीकडं बघत म्हणाल्या, "उचल."

उचलली. आदल्या संध्याकाळी गुळगुळीत असलेल्या राखेवर तीन-तीन बोटांच्या भेगा होत्या, चिमणी चालत गेल्यासारख्या. भेगांतून वाकलेल्या फिकट माना वर येत होत्या. मला रोपं दिसली. काकूंनी हात जोडले.

"भाईर कुटं बोलू नगंस."

आबा घरी आल्यावर मात्र काकूंनीच त्यांना सांगितलं. आबा हसून हसून खोकले. "मंजी मी वांगं व्हनार म्हन की! मसाला चांगला भरा."

"तोंड आवरा, आबा," काकू म्हणाल्या.

खाट पुन्हा जागेवर गेली, ट्रे तिच्या पायथ्याशी. रोपं खिडकीकडं वाकायला हवी होती, ती खाटेकडं वाकली. बल्ब त्या बाजूला होता, म्हणून असेल. मी ट्रे फिरवायचो. ती परत तिकडंच वळायची.

पानं धरल्यावर रोपं शेतात लावली. एक आबांनी ठेवून घेतलं. "हे आतच ऱ्हाऊ दे. हेला तू पानी घाल."

कंपनीत जाण्याआधी मी ताटात पाणी ओततो. पण त्याआधी खाटेकडं बघतो. गोधडी वरखाली होताना दिसली की मगच ओततो.