जत्रेतली टेबलं

मी कॅसिनोवर संशोधन करते म्हटल्यावर पेडण्याजवळच्या आमच्या गावात माझं कौतुकच झालं. नदीतल्या त्या कॅसिनोच्या जहाजांनी आमची मुलं बिघडवली, हे कुणीतरी विद्यापीठात लिहायला हवंच होतं. देवळाच्या कमिटीवर असलेले माझे काका तर भेटेल त्याला माझ्या प्रबंधाविषयी सांगत.

मग त्यांना कळलं, की त्यातलं एक प्रकरण गावच्या जत्रेवर आहे. देवळामागे, खाज्याच्या मिठाईच्या दुकानांच्या पलीकडे, दर जत्रेला जुगाराची टेबलं लागतात. मी लहानपणापासून बघत आलेय. खेळणारे सगळे ओळखीचे.

काका घरी आले, पण चहाला हात लावला नाही. "ता प्रकरण काढून टाक गो," म्हणाले. "जत्रेतलो तो जुगार न्हय. ती करमणूक."

मला हसू आवरेना. आदल्याच आठवड्यात एका कॅसिनोच्या मॅनेजरने मला नेमकं हेच सांगितलं होतं, फक्त त्याच्या गळ्यात टाय होता. "काका, तुमचं नि एका कॅसिनोच्या मॅनेजरचं वाक्य मी एकाखाली एक लिहिणार," मी म्हटलं.

लिहिलंही. गावाशी वैर कशाला घेतेस, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, तरी लिहिलं. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

यंदा जत्रेला मी जाणार आहे. देवीची ओटी भरीन, खाजं घेईन आणि त्या टेबलांपाशी जाऊन उभी राहीन. मला तिथून हाकलायचं असेल, तर तिथे काय चालतं ते काकांनी आधी सगळ्यांसमोर सांगावं.