उपोषणाला बसले आणि दुपारी जेवले

बाळांनो, परवा फोनवर धाकटीने सांगितलं की तिला शाळेत स्थलांतरितांच्या हक्कांवर बोलायचं आहे, आणि त्यात ती ‘आजीचं उपोषण’ सांगणार आहे. मागून तुमचे बाबा हसत म्हणाले, “कसलं उपोषण? दुपारी जेवली ती!” ही आवृत्ती वर्गात पोचण्याआधी मी खरी हकीकत लिहून पाठवते आहे. मी दुपारी जेवले, हे खरंच आहे. पण का जेवले, हे तुमचे बाबा मुद्दाम सांगत नाहीत.

संगमनेरच्या आपल्या घरामागे ओढ्यापलीकडे माळ आहे, तुम्ही पतंग उडवला होता तो. दरवर्षी दिवाळी झाली की पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी तिथे उतरते. बांबू आणि चटयांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि पहाट झाली की बायका-पुरुष सगळे कोयते घेऊन फडात जातात. त्यांना पाणी मात्र मोठा रस्ता ओलांडून कालव्यावरून आणावं लागायचं. त्या वर्षी टोळीत एक गरोदर सून होती. पाणी आणताना ती भर रस्त्यात घसरली. हंडा ट्रॅक्टरखाली गेला, ती थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी ती कुणाचातरी हंडा मागून घेऊन पुन्हा निघालेली दिसली, तेव्हा मी ठरवलं की माळावर नळ हवा.

गावची पाइपलाइन माळाच्या कडेनेच जाते. सरपंच माझा जुना विद्यार्थी. बारावीला मी त्याला इंग्रजी शिकवलं होतं, त्याने ते शिकून घेतलं नव्हतं. त्याच्याकडे गेले.

“मॅडम, त्यांचं मतदान पाथर्डीला,” तो म्हणाला. “नळ मी इथं कसा देऊ?”

“तहान त्यांना इथे लागते.”

“ते खरंय. पण तुम्ही कारखान्याला विचारा.”

कारखान्याने टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे पाठवलं, मुकादमाने सरपंचाकडे. प्रत्येकाला मी रीतसर अर्ज दिला आणि पोच घेतली. माझी फाइल वाढत गेली आणि तिकडे सुनेचं पोट. दोन्हींत पोटाला मुदत होती.

शेवटी मी माळावर उपोषणाला बसायचं ठरवलं. आजोबांनी अटी घातल्या: एकाच दिवसाचं, आणि रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. उजाडता उजाडता मी प्लास्टिकची खुर्ची, छत्री, मागण्यांचा फलक आणि वर्तमानपत्र घेऊन कोप्यांसमोर बसले.

सुनेची सासू चुलीवरून उठून आली. “आज्जी, कोन गेलं वं?”

“कुणी नाही. मी आज जेवणार नाहीये.”

“कुन्या द्येवाचा उपास?”

“देवाचा नाही, सरपंचांचा.”

“त्ये कवा द्येव झाले?”

मी तिला सत्याग्रह समजावून सांगितला. वर्गात सांगायचे तसा, उदाहरणांसह. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वळून ओरडली, “ए, ऱ्हाऊ द्या भाकरी! आज्जी उपाशी हायती.”

मी गडबडले. “अहो, तुम्ही जेवा. उपोषण माझं आहे.”

“दारात म्हातारं मानूस उपाशी बसलंय आन् आमी भाकरी गिळायची? लोकं शेन घालतील तोंडात.”

पाहता पाहता सगळ्या कोप्यांतल्या टोपल्या झाकल्या गेल्या. लेकरांना तेवढं वाढलं. उपाशी पोटी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढता येत नाही, म्हणून कोयतेही जागेवरच राहिले. या सगळ्याचा विचार माझ्या नियोजनात कुठेही नव्हता.

सून माझ्या शेजारी येऊन बसली. तिला पाहून मला घाम फुटला. जिच्यासाठी हा खटाटोप, तीच माझ्यामुळे उपाशी!

“बाई गं, तू तरी खा. दोन जिवांची आहेस.”

“तुमी खा, मंग मी खाते.”

“मी खाल्लं तर नळ मिळणार नाही.”

“मंग बसू की दोगी.” आणि तिने मांडी घातली.

तेवढ्यात आजोबा गोळी घेऊन आले. गोळी जेवणानंतर घ्यायची होती, हे त्यांना तिथे आल्यावर आठवलं. “मीही तुझ्याबरोबर उपाशी आहे,” ते म्हणाले. त्यांच्या मिशीत पोह्यांची कोथिंबीर होती.

सासूने ती पाहिली. “आजोबांचा उपास सुटलाय जनू,” ती म्हणाली, आणि कोप्यांत हशा पिकला.

ऊन चढलं तसा सरपंच मोटरसायकलवर धडकला. त्या दिवशी तोड त्याच्याच उसाला होती. (हे मला ठाऊक नव्हतं. आजोबा म्हणतात, होतं.) रिकामा ट्रक बांधावर उभा होता आणि ड्रायव्हर दुसऱ्याच्या फडात जायची धमकी देत होता.

“काय गं, संप केला का?” त्याने सासूला दरडावलं.

“संप न्हाई, सायेब. आज्जी जेवंनात.”

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. “मॅडम, पाया पडतो. दोन घास खा.”

“पाणी आल्यावर.”

“ठरावाला वेळ लागतो हो!”

सुनेने नेमकी तेव्हाच पोटावर हात ठेवून मोठ्ठा उसासा सोडला. सरपंच तिच्याकडे, मग ट्रकच्या दिशेने बघू लागला. त्याने फोन काढला आणि प्लंबरला अशा भाषेत बोलावलं, जी मी त्याला शिकवलेली नव्हती.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा माळावर बसवलेल्या नव्या तोटीतून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. सरपंचाला नारळ फोडून फोटो काढायचा होता. पण सासूने आधी माझ्या हातात भाकरी आणि ठेचा दिला, आणि समोर सुनेला वाढलं. सून माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी मोठा घास घेतला. त्या ठेच्याने माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी काढलं. मी खुर्ची सोडून धावले आणि तोटीला तोंड लावलं. त्यामुळे उद्घाटनाच्या फोटोत नारळ नाही, तुमची आजी वाकलेली आहे. तो फोटो बाबांनी धाकटीला दाखवू नये.

टोळी जेवून फडात गेली, सून सोडून. तिला पुढे मुलगी झाली. तीही दरवर्षी येते आणि त्या नळाखालून ओढून काढावी लागते. धाकटे, वर्गात एवढं जरूर सांग: तुम्हीही गाव सोडून तिकडे राहायला गेलात, तेव्हा पहिल्याच दिवशी नळाला पाणी होतं, आणि तुमचं मतदान कुठलं ते कुणी विचारलं नव्हतं.

मुलांची शाळा, रेशन, दवाखाना हे अर्ज अजून फाइलमध्येच आहेत. दर गुरुवारी मी त्यांची चौकशी करते. नळ आहे. पाणी येतं.